आरेच्या वाटेवरची पोळी

घाटकोपरच्या एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी रविवारच्या सहलीचा स्वयंपाक शनिवारी रात्री करून ठेवण्याची सोय नाही. रात्रीची पोळी सकाळी वासी होते आणि वासी पोळी त्या घरात कोणाच्याच पानात पडत नाही, कुत्र्याच्याही नाही. जानेवारीतील त्या रविवारी आजींनी उजाडल्यावर शेगडी पेटवली, घरच्यांसाठी मेथीचे ठेपले आणि कच्च्या केळ्याची सुकी भाजी केली आणि त्यानंतर तासभर नुसत्या पोळ्या लाटल्या. मोजून चाळीस. त्या वेगळ्या कापडी पिशवीत गेल्या. ती पिशवी आरे कॉलनीच्या रस्त्यावरील कुत्र्यांची. महिन्यातून एका रविवारी ती तिकडे न्यायची हा आजोबांचा नेम, आणि तो बरीच वर्षे चुकलेला नव्हता.

नवकारसी झाली, दूध-खाखरा झाला आणि नऊच्या सुमारास मोटार निघाली. पुढे मुलगा आणि आजोबा, मागे आजी, सूनबाई, नात आणि त्यांच्या पायांशी मोती व चिंगी. मोती चौदा वर्षांचा. वाशीच्या बाजारात गोदामासमोर टेम्पोखाली सापडून त्याचा मागचा पाय अधू झाला, तेव्हा आजोबांनीच त्याला पोत्यात गुंडाळून घरी आणले. चिंगी तीन वर्षांची, नातीने महाविद्यालयाच्या फाटकापासून उचललेली. दोघांनाही स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडण्याची मुभा नाही. हा आजींचा कायदा. तो मोतीला एका आठवड्यात समजला, चिंगीला अजून समजायचा आहे.

अशा घरात कुत्र्यांना खायला काय घालता, असा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. मुगाची खिचडी, दूध-पोळी, कधी दही-भात, आणि डॉक्टरांनी सांगितलेली पूरक औषधे. यात एक योगायोग सांगण्याजोगा आहे. कांदा आणि लसूण हे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपायकारक असतात. इतर घरांत ताटातले उरलेले कुत्र्यापुढे सरकवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कंदमुळे न शिजणाऱ्या घरात ती आपोआप सांभाळली जाते. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र जैन घरातही असतात आणि कुत्र्याला तितकीच घातक असतात, म्हणून सुक्या मेव्याचा डबा आजींच्या मांडीवरच राहिला.

पूर्व द्रुतगती मार्गावरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागले की पवईचा तलाव लागतो. रविवारीही त्या रस्त्यावर गर्दी असतेच. वेळ जावा म्हणून नातीने जुना प्रश्न काढला, मोतीला मोतीच नाव का? आजोबांना या प्रश्नाचा कंटाळा नाही. कुत्र्यांसाठी मुंबईत पहिले मोठे काम ज्या जैन गृहस्थाने केले त्यांचे नाव मोतीचंद, म्हणून.

हा इतिहास आपल्या समाजातही थोड्यांनाच ठाऊक असतो. १८३२ सालच्या उन्हाळ्यात मुंबई सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम अमलात आणला. दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते, आणि इनामाच्या लोभाने शिपाई घराच्या ओसरीवरची कुत्रीही ओढू लागले. पारशी समाजात श्वान पवित्र मानला जातो. ६ जून रोजी त्यांचा संताप उसळला आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. त्यात जैन, हिंदू आणि मुसलमान व्यापारीही सामील झाले. मुंबईची श्वानदंगल म्हणून इतिहासात नोंद झालेली घटना ती हीच. दंगल मोडली गेली, पण पुढारी व्यापाऱ्यांनी सरकारपुढे मागणी ठेवली की कुत्री मारू नयेत, शहराबाहेर हलवावीत. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबई पांजरापोळ उभे राहिले. पालिताण्याच्या टुंकेमुळे आणि भायखळ्याच्या आदेश्वर देरासरामुळे ज्यांना आपण मोतीशा शेठ म्हणून ओळखतो, ते हेच. चेंबूरकडच्या पांजरापोळ चौकातून रोज हजारो वाहने जातात. ते नाव कशाचे, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल?

गोष्ट संपेपर्यंत मेट्रोचे आरे स्थानक मागे पडले आणि मोटार उजवीकडे झाडीत शिरली. काचा खाली करताच हवेचा फरक जाणवला. चिंगीने नाक बाहेर काढले. मुलाने वेग कमी केला. रस्ता खाचखळग्यांचा आहे हे एक कारण, आणि मागे बसलेल्या आजी ‘ईर्या समिती फक्त पायी चालणाऱ्यांनाच लागू नाही’ असे दर वेळी म्हणतात, हे दुसरे.

आरेला जंगल म्हणावे की वसाहत, यावर न्यायालयांतही वाद झाले. मुळात ही जागा दुधासाठी घेतली गेली. शहरातील कोंदट तबेले बाहेर न्यावेत आणि मुंबईकरांना भेसळ नसलेले दूध मिळावे, या हेतूने १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी येथे रोप लावून तिचे उद्घाटन केले. या योजनेमागे दारा खुरोडी यांची मेहनत होती. १९६३ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मिळाला. कुरियन घरोघरी माहीत झाले, खुरोडी मात्र विस्मरणात गेले. मुंबईच्या लोकस्मृतीने त्यांच्यावर अन्याय केला, असेच म्हणावे लागते. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले आणि सोळा हजारांच्या आसपास म्हशी, असा हा पसारा. आजही इथला पत्ता गल्लीने सांगत नाहीत, युनिटच्या क्रमांकाने सांगतात.

आजींच्या आठवणीत आरे म्हणजे काचेची बाटली. लग्न होऊन त्या नगर जिल्ह्यातून मुंबईत आल्या तेव्हा सासऱ्यांनी पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाती दोन गोष्टी दिल्या होत्या, तिजोरीची एक किल्ली आणि आरेच्या दूधकेंद्राचे कार्ड. पहाटे रांगेत उभे राहायचे, रिकाम्या बाटल्या द्यायच्या, भरलेल्या घ्यायच्या. बाटलीच्या तोंडावर पातळ पत्र्याचे झाकण असे. ‘किल्ली हरवली असती तर चालले असते, कार्ड हरवून चालले नसते,’ असे त्या म्हणाल्या तेव्हा सूनबाईंना हसू आवरेना.

म्हशी येण्याच्या कितीतरी आधीपासून येथे वारली, कोकणा आणि मल्हार कोळी लोकांचे पाडे आहेत. असे २७ पाडे सांगितले जातात. १९७७ मध्ये याच परिसरात चित्रनगरी आली. अलीकडे मेट्रोची कारशेड आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत झाडे पडू लागली, तेव्हा तरुण मुले रस्त्यावर उतरली आणि सर्वोच्च न्यायालयाला तोड थांबवावी लागली. पुढे सरकारे बदलली, कारशेडची जागा कांजूरमार्गला गेली आणि पुन्हा आरेला परत आली. त्याच काळात आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वनही झाली. व्यापाऱ्याच्या घरात मेट्रोही हवी असते आणि झाडेही. त्या मोटारीत या विषयावर मुलाचे आणि नातीचे पटत नाही, म्हणून त्या दिवशी तो कोणी काढला नाही.

‘छोटा काश्मीर’ उद्यानाच्या अलीकडे एका मोकळ्या जागी गाडी थांबली. न्याहारी दोन पाळ्यांत झाली. काहींनी खायचे, बाकीच्यांनी कुत्री सांभाळायची. ठेपले, कैरीचा छुंदा, केळ्याची भाजी, तळलेली मुगाची डाळ आणि घरून आणलेले उकळून गार केलेले पाणी. मोती सावलीत आडवा झाला. चिंगीची दोरी नातीने हाताला दोन वेढे देऊन धरली होती, कारण नाल्याच्या बाजूच्या गवतात तिला काहीतरी फारच महत्त्वाचे दिसत होते.

तोवर आजोबा पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला गेले होते. नेहमीची कुत्री लांबूनच गाडी ओळखून जमली होती. सात-आठ असतील. आजोबा एकेक पोळी दुमडून पुढे टाकत आणि जीभ टाळूला लावून एक विशिष्ट आवाज करत. चौदा पोळ्या झाल्या असतील, तेव्हा पलीकडे टोपली घेऊन बसलेली एक बाई उठून जवळ आली. वालाच्या शेंगा आणि आवळे विकणारी, जवळच्याच पाड्यातली, पन्नाशीची.

“बाबा, हितं टाकू नका हो.”

आजोबांना प्रथम ऐकू आले नाही असे वाटले. तिने पुन्हा सांगितले. “तुमी टाकून जाता, मग कुत्री हितून हलत नाय. अंधार पडला की वाघ त्यांच्यासाठी उतरतो. आमची पोरं याच वाटेनं येतात.”

आजोबांचा हात पिशवीतच राहिला. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी अडवले नव्हते. उलट येणारेजाणारे हात जोडत. “मग यांनी उपाशी राहायचे का?” असे त्यांनी विचारले. आवाज जरा चढला होता.

“उपाशी कुठं? तबेल्यात मिळतंय, टपरीवाले घालतात. पोट भरतं त्यांचं. वाटेवर नको, एवढंच.” आणि मग, समजूत घालावी तसे, “वाघाला काय बोलायचं? तो हितलाच हाय.”

वाघ म्हणजे बिबट्या. आरेला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि बिबट्याला उद्यानाची हद्द कुठे संपते याच्याशी कर्तव्य नसते. २०१५ च्या सुमारास कॅमेरे लावून केलेल्या गणनेत या परिसरात ३५ बिबटे आढळले. भटकी कुत्री हा त्यांच्या आहारातील मोठा भाग असल्याचे त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून दिसले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा की हे बिबटे मिळून वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे सुमारे हजार श्वानदंश टळतात. हिशेबाच्या वहीत ही बाजू जमेची दिसते. पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाड्यांच्या दारात आहे. २०२१ च्या पावसाळ्याअखेर आरेत बिबट्याचे माणसांवर एकामागून एक हल्ले झाले. २०२२ च्या दिवाळीच्या पहाटे युनिट क्रमांक १५ मध्ये सोळा महिन्यांची एक बालिका बिबट्याने उचलून नेली आणि ती वाचली नाही. बिबट्या मुद्दाम माणसाच्या मागावर येत नाही, हे वनखाते आणि अभ्यासक वारंवार सांगत आले आहेत. तो येतो कुत्र्यामागे, आणि कुत्रे बसते अन्नापाशी. म्हणूनच वस्तीजवळ उकिरडा साचू देऊ नका, अन्न उघड्यावर टाकू नका, रात्री मुलांना एकटे सोडू नका, अशा सूचना दिल्या जातात.

पाड्यातील लोकांनी ही शेजारधर्माची गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. वारली लोक वाघोबाला देव मानतात आणि वर्षातून एकदा त्याची पूजा करतात. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत वाघोबाची दीडशेहून अधिक देवस्थाने अभ्यासकांनी नोंदली आहेत. या श्रद्धेमुळे माणूस जंगलात निर्धास्त होत नाही, उलट अधिक सावधपणे वावरतो. आपल्या आगमांत जयणा म्हणून जे सांगितले आहे, त्याच्या हे फारसे दूर नाही.

आजोबा परत येऊन गाडीच्या दारात बसले. बराच वेळ बोलले नाहीत. आजींनी ठेपला पुढे केला, तोही हातातच राहिला. मग नातीनेच विषय काढला. चातुर्मासात महासतीजींनी पाच समितींवर व्याख्यान दिले होते. त्यातली पाचवी, पारिष्ठापनिका. टाकायचे ते कुठे टाकावे, कसे टाकावे, टाकल्यावर तिथे कोणता जीव येईल आणि त्याचे काय होईल, याचा विचार करून टाकावे. साधूंसाठी सांगितलेली ही समिती पात्र-वस्त्र आणि उरलेल्या आहारापुरती आहे, असे आजोबा म्हणाले. नात म्हणाली, “पोळीपण आहारच आहे ना, आजोबा?”

त्यावर त्यांनी उत्तर दिले नाही, पण काही वेळाने स्वतःशीच हिशेब मांडावा तसे बोलू लागले. पुण्य आपल्या खात्यात जमा आणि जोखीम त्या बाईच्या नावे, अशी नोंद कोणत्याही दुकानात चालणार नाही. मोतीशा शेठांनी रस्त्यावर तुकडे टाकून घरची वाट धरली नव्हती. पांजरापोळाला भिंती होत्या, राखणदार होते, जनावरांची नोंद होती, आणि खर्च चालावा म्हणून व्यापारी आपल्या मालावर लागा बसवून घेत. कुत्रे एकदा आत घेतले की मरेपर्यंत त्याची जबाबदारी असे. आपण महिन्यातून एकदा येतो, पंधरा मिनिटे थांबतो. उरलेले एकोणतीस दिवस ती बाई इथे राहते.

मुलाने सांगितले की २०२३ च्या नव्या श्वान जन्मनियंत्रण नियमांतही हेच आहे. खाऊ घालायला बंदी नाही, पण जागा ठरलेली हवी, लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर हवी, आणि वेळही मुलांच्या व वृद्धांच्या वर्दळीची नसावी. निर्बीजीकरण आणि लसीकरण यांच्याशिवाय नुसते पोट भरणे म्हणजे पुढच्या पिढीची भटकी कुत्री वाढवणे, असे पशुवैद्यही सांगतात. जीवदयेच्या फंडाला दरवर्षी घरची जी रक्कम जाते, तिच्यातला काही भाग या कामाला लावता येईल का, अशी चौकशी करण्याचे तिथेच ठरले. आपल्या समाजात गायीसाठी पैसा चटकन निघतो, कुत्र्याच्या शस्त्रक्रियेसाठी निघायला वेळ लागतो, हेही कोणीतरी म्हटले आणि ते खोटे नव्हते.

मग आजोबा उठले आणि ज्या ठिकाणी पोळ्या टाकल्या होत्या तिथे गेले. कुत्र्यांनी बहुतेक संपवल्या होत्या. नाल्याकडे गेलेली एक, आणि गवतात अर्धवट राहिलेले दोन तुकडे, हे त्यांनी वाकून उचलले आणि कागदात बांधले. त्या बाईकडून एक किलो आवळे आणि दोन किलो वालाच्या शेंगा घेतल्या. तिने सांगितला तोच भाव दिला. धान्याच्या व्यापाऱ्याच्या हातून हे क्वचितच घडते. तिनेही मापात चार शेंगा जास्त टाकल्या.

दुपार तबेल्यांच्या बाजूला गेली. एका युनिटच्या फाटकापाशी म्हशी पाण्यात डुंबताना पाहून चिंगीने इतका आरडाओरडा केला की तिला गाडीत बसवावे लागले. मोतीने म्हशींकडे पाहिलेही नाही. गोरेगावच्या बाजूला एका आरेच्या केंद्रावर थंड मसाला दूध मिळाले. नातीने काचेच्या बाटलीविषयी विचारले, विक्रेत्याने आता पिशवीच येते असे सांगितले. परतीच्या वाटेवर, ऊन कलू लागले तेव्हा, रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी ओल्या खिचडीचे आणि बिस्किटांचे ढीग दिसले. सकाळी येताना ते दिसले नव्हते, किंवा दिसूनही लक्षात आले नव्हते. एका ढिगाभोवती पाच कुत्री बसली होती. त्यांच्या मागे दहा पावलांवर पाड्याकडे उतरणारी पायवाट होती आणि तिथल्या खांबावर दिवा नव्हता.

सूर्य मावळण्याच्या आत आरेतून बाहेर पडायचे, हा या घराचा जुना शिरस्ता चौविहारासाठी होता. त्या दिवशी सूनबाईंनी घड्याळ पाहिले ते दुसऱ्या कारणासाठी.

सव्वापाचच्या सुमारास गाडी घाटकोपरला पोहोचली. सव्वीस पोळ्या उरल्या होत्या. आजोबा वर गेले नाहीत. दुकानामागच्या गल्लीत, गृहसंस्थेने भिंतीलगत ठरवून दिलेला एक कोपरा आहे. तिथल्या कुत्र्यांचे कान निर्बीजीकरणाच्या वेळी किंचित कापलेले आहेत आणि वाण्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सर्वजण त्यांना नावाने ओळखतात. आजोबांनी पोळ्या कुस्करून थाळ्यांत घातल्या, वर थोडे दूध ओतले आणि शेजारच्या पायरीवर बसून राहिले. एक म्हातारी कुत्री सावकाश खाणारी होती. तिचे होईपर्यंत बाकीच्यांना त्यांनी काठीने नुसते अडवून धरले. मग थाळ्या उचलल्या, नळाखाली धुतल्या, सांडलेले कण कागदाने टिपले.

वरून आजींनी हाक मारली. सूर्य मावळायला वीस मिनिटे उरली होती आणि त्यांचे पान अजून वाढायचे होते.